औद्योगिक वसाहतीत सावली उभी करण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

औद्योगिक वसाहतीतील कारखानदार, कामगार, वाहतूकदार आणि लगतच्या वस्त्यांतील रहिवासी यांना आमची वृक्षसंवर्धन समिती हे आवाहन करीत आहे. वसाहतीच्या रस्त्यांवर सलग सावली धरणारी झाडे लावण्याचे आम्ही ठरविले असून, त्यासाठी रोपांपेक्षाही ती जगविण्याकरिता मदतीची गरज आहे.

वसाहतीत उष्मा अधिक का, हे येथे वावरणाऱ्यांना सांगायला नको. डांबर आणि काँक्रीट दिवसभर शोषलेली उष्णता सूर्यास्तानंतर तासन्‌तास बाहेर टाकत राहतात. त्यात भट्ट्या, कॉम्प्रेसर, वातानुकूलन यंत्रे आणि चालू इंजिनांनिशी खोळंबलेले ट्रक यांची भर पडते, आणि म्हणून रात्रपाळीच्या कामगारालाही गारवा लाभत नाही.

झाडाच्या सावलीतील जमीन किंवा भिंत भर दुपारी उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा ११ ते २५ अंश सेल्सिअसने थंड राहू शकते. शिवाय पानांवाटे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. मात्र मुळांना पाणी मिळाले तरच हे घडते. तहानलेले झाड पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, मिटून घेते आणि मग त्याच्याकडून सावलीखेरीज फारसे काही मिळत नाही. कोलंबियातील मेडेयीन शहराने २०१६ पासून रस्ते व ओढ्यांच्या कडेने ३० हरितपट्टे उभारले आणि तेथील तापमान सुमारे २ अंशांनी उतरल्याची नोंद झाली; पण त्या शहराने झाडांबरोबरच माळी तयार करण्यावरही खर्च केला, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

वृक्षारोपणाच्या दिवशी छायाचित्रे निघतात. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच खड्ड्यांकडे पाहायला सहसा कोणी जात नाही. वसाहतीतील जमीन भरावाची, राडारोड्याची आणि अवजड वाहनांनी दाबलेली असते. अशा जागी हातभर खड्ड्यात रोप लावणे म्हणजे त्याला कुंडीत कोंडणे होय. त्यामुळे आम्ही मोजकीच झाडे लावू. परंतु प्रत्येकासाठी जमीन खोलवर मोकळी करून चांगली माती भरू, आळे, आच्छादन व कठडे करू आणि किमान तीन वर्षे पाणी देऊ. जाती स्थानिक, मोठ्या छत्राच्या आणि धूळ सोसणाऱ्या असतील. निलगिरीसारखी झाडे आयसोप्रीन नावाचे बाष्प सोडतात व ते धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगतचा, श्वसनाला घातक ओझोन वाढविते, म्हणून ती टाळली आहेत. अरुंद रस्त्यांवर छत्रे एकमेकांना भिडली तर धूर खाली कोंडतो. तेथे अंतर राखले जाईल.

कारखान्यांनी कुंपणालगतची पट्टी आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी द्यावे, असा आमचा आग्रह आहे. मात्र त्या पाण्यातील क्षार व रसायनांची तपासणी झाल्याशिवाय ते वापरले जाणार नाही. टँकर, माती किंवा कुशल माळ्याचे तास देणाऱ्यांचेही स्वागत आहे. रोख देणगी एकरकमी देण्यापेक्षा तीन वर्षांत विभागून दिल्यास तिचा उपयोग अधिक होईल. देणगीची पावती दिली जाईल आणि जगलेल्या व मेलेल्या अशा दोन्ही झाडांचा हिशेब दरवर्षी सर्वांपुढे ठेवला जाईल.

जागा देऊ इच्छिणाऱ्यांनी भूमिगत वायुवाहिन्या, जलवाहिन्या व वीजतारांचा नकाशा आणि अग्निशामक वाहनांच्या मार्गाची माहिती सोबत द्यावी. त्याशिवाय खोदकाम सुरू करता येणार नाही.

आपली,
वृक्षसंवर्धन समिती