सूचना : गोवरच्या दुसऱ्या डोसची चौकशी

सर्व सदस्यांना नमस्कार. घरोघरी जाताना "लस झाली का?" एवढंच विचारून पुढे सरकू नका. कार्ड मागा, दुसऱ्या डोसची तारीख स्वतः बघा. शहरात दवाखाना हाकेच्या अंतरावर असूनही डोस राहून जातो: दिवसाची मजुरी बुडते, भाड्याची खोली बदलते, कार्ड हरवतं, किंवा पहिल्या वेळी ताप आला म्हणून आजीच नको म्हणते. तिच्याशी वाद नको. लसीनंतरचा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, हे शांतपणे सांगा. रुग्ण निघून गेल्यावरही गोवरचा विषाणू २ तासांपर्यंत हवेत टिकतो, त्यामुळे ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले हवेत. नव्याने राहायला आलेल्यांकडे आधी जा, यादीतून नेमकी तीच नावं सुटतात.