आई, तुम्ही मागे पडला नाहीत

ती. आई, ती. बाबा,
सा. न. वि. वि.

आई, परवा एआयबद्दल, म्हणजे या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बोलून फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आमचं काय, आम्ही आता मागेच पडलो." बाबा त्यावर काही बोलले नाहीत. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र. फोनवर मी घाईत असते आणि मला घाई आहे हे ओळखून तुम्ही दोघं आवरतं घेता. या विषयावर आवरतं घ्यायला नको.

मागे पडायला आधी शर्यतीत नाव द्यावं लागतं. तुम्ही कुठे दिलं होतं? मीही दिलं नव्हतं, आणि माझं तर पोटच या क्षेत्रावर चालतं.

वेग खरोखर वाढलाय, की प्रत्येक पिढीला उतारवयात तसं वाटतं, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारलाय. राइट बंधूंचं विमान १९०३ साली उडालं आणि १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. मधे फक्त ६६ वर्षं. दोन्ही बातम्या एकाच आयुष्यात ऐकलेली माणसं होतीच की. म्हणजे झपाट्याने बदलणारं जग काही आपल्याच वाट्याला आलेलं नाही. मग एवढी दमछाक आत्ताच का होते? मला वाटतं, शोध लागण्याचा वेग हे त्याचं अर्धंच कारण आहे. शोध आपल्यापर्यंत पोचायला पूर्वी जो वेळ लागायचा, तो आता उरलेला नाही.

विजेचंच बघा. एडिसनचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली सुरू झालं. तरी विसावं शतक उजाडलं तेव्हा कारखान्यांतली बहुतेक यंत्रं वाफेवर आणि पाण्याच्या जोरावरच फिरत होती. विजेची मोटर नुसती आणून बसवली की झालं, असं ते नव्हतं. कारखान्याची मांडणी बदलावी लागली, कामगारांना नवं शिकावं लागलं, मालकांना हिशेब नव्याने मांडावे लागले. त्यात काही दशकं गेली. आता त्याच्याशेजारी हे ठेवून पाहा: विचारलेल्या प्रश्नांना माणसासारखी उत्तरं लिहून देणारं चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. पाच दिवसांत ते वापरणाऱ्यांचा आकडा दहा लाखांवर गेला, आणि साधारण दोन महिन्यांत दहा कोटींवर गेल्याचा अंदाज निघाला. नवी तार ओढावी लागली नाही की नवं यंत्र घ्यावं लागलं नाही. हातात होता त्याच फोनमध्ये ते येऊन बसलं. रात्री झोपताना एक फोन होता, सकाळी उठल्यावर त्याच फोनची बटणं वेगळ्या जागी. यात गोंधळलेल्या माणसाचं वय मोजायचं कारण नाही.

बाबा, तुमच्या कचेरीत पहिल्यांदा संगणक आला तेव्हाची गोष्ट तुम्ही मला कितीदा सांगितली आहे. हाताने लिहिलेली खातेवही आणि संगणकातल्या नोंदी, दोन्ही कितीतरी महिने शेजारी शेजारी चालू होत्या. रोज संध्याकाळी दोन्हीकडचे आकडे जुळवायचे. जुळले नाहीत तर घरी जायचं नाही, चूक कुठे आहे ते शोधायचं. कधी ती वहीत निघायची, कधी संगणकात. वही बंद करायची वेळ आली तेव्हा तुम्ही ती अनुभवाने बंद केलीत. कुणी येऊन सांगितलं म्हणून केली नाहीत. तेव्हा मला ती नुसती कटकट वाटायची. आज कामाच्या ठिकाणी मला रोज तिची आठवण येते, कारण ही जुळवाजुळवीची मुदतच आता कुणाला मिळत नाही. मला मिळत नाही, डॉक्टरांना, शिक्षकांना, वकिलांना मिळत नाही. हाच माझा खरा मुद्दा आहे. नव्या यंत्राची मला भीती नाही. ते पारखून घ्यायला लागणारा वेळ आपल्याकडून काढून घेतला जातोय, याची आहे.

आणि पारखायला तर हवंच. चॅटजीपीटीसारखी ही यंत्रं वाक्यात पुढे काय येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत लिहितात. त्यामुळे बरोबर उत्तर आणि चुकीचं उत्तर दोन्ही सारख्याच ठाम सुरात येतात. माणूस थापा मारतो तेव्हा थोडा तरी अडखळतो. हे अडखळत नाही.

माझ्या ऑफिसात काय चाललंय ते तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही. पूर्वी दोन दिवस लागायचे तो कोड, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, आता यंत्र काही मिनिटांत लिहून देतं, आणि मी तो वाचते, तपासते, दुरुस्त करते. काही दिवस हे फार आनंदाचं असतं, खोटं का सांगू. मनात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कल्पना दुपारपर्यंत पडद्यावर चालताना दिसतात. पण आमच्याकडे नव्याने लागलेली मुलं पाहिली की काळजी वाटते. पूर्वी नव्या माणसाला आम्ही किरकोळ कामं द्यायचो. जुना कोड वाच, एखादी चूक शोधून दे, छोटीशी चाचणी लिही. कामं साधी, पण हात त्यांवरच बसायचा. माझाही तसाच बसला. आता ती कामं यंत्राकडे गेली. यंत्राने लिहिलेलं तपासायला अनुभव लागतो, आणि तो अनुभव ज्या कामांतून यायचा, तीच कामं उरली नाहीत. मग आणखी दहा-पंधरा वर्षांनी तपासणारी माणसं कुठून येणार? वरिष्ठांसमोर मी हा प्रश्न मांडला. त्यांनी ऐकून घेतलं, उत्तर मात्र कुणाकडे नव्हतं. त्या मुलांच्या डोळ्यांत दिसतं ते काही आळशी माणसाचं भय नाही. चार वर्षं रात्रंदिवस मेहनत करून जे शिकलो ते दारात पोचेपर्यंतच शिळं झालं, असं त्यांना वाटतं. आई, तुझ्या 'मागे पडलो'मधलं दुःख आणि बाविशीतल्या या मुलांचं दुःख एकाच जातीचं आहे.

आणि हे काही आपल्याच चार लोकांना वाटत नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२५ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. येत्या वीस वर्षांत एआयमुळे देशाचं भलंच होईल असं त्या विषयातल्या तज्ज्ञांपैकी ५६ टक्क्यांना वाटत होतं. सामान्य लोकांत तेच प्रमाण होतं १७ टक्के. एवढं अंतर! लोकांना समजत नाही म्हणून ते घाबरतात, असं या अंतराचं स्पष्टीकरण काही जण देतात. मला ते पटत नाही. बनवणाऱ्याला यंत्र काय करू शकतं ते आधी दिसतं, आणि ज्याच्यावर ते येऊन आदळणार त्याला आपलं काय जाणार ते आधी दिसतं. दोघांनाही दिसतं ते खरंच असतं.

बरं, जाणकारांचं तरी एकमत आहे का? जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ आणि यान लकुन या तिघांना आजच्या एआयचा पाया घालण्याच्या कामासाठी २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला मानाचा पुरस्कार, एकत्र मिळाला. त्यांतले पहिले दोघं आज जगाला धोक्याचा इशारा देतात आणि तिसरे म्हणतात की ही भीती अतिशयोक्त आहे. हिंटन तर २०२३ साली गूगलमधून बाहेर पडले, धोक्यांबद्दल मोकळेपणाने बोलता यावं म्हणून. त्याच हिंटननी २०१६ मध्ये म्हटलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल. आज रेडिओलॉजिस्ट आहेत, आणि अनेक देशांत ते कमी पडताहेत. हे मी त्यांना कमी लेखायला सांगत नाही. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण हा विषय जन्माला घालणाऱ्या माणसालाही पाच वर्षांपुढचं नेमकं दिसत नसेल, तर "मला अजून खात्री वाटत नाही" असं म्हणणारे तुम्ही अडाणी कसे ठरता?

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, मग हे थांबवत का नाहीत? मागणी झाली होती. २०२३ च्या मार्चमध्ये अनेक संशोधकांनी आणि उद्योजकांनी जाहीर पत्रावर सह्या केल्या, की सगळ्यांत शक्तिशाली यंत्रणा घडवण्याचं काम निदान सहा महिने थांबवा. कुणी थांबलं नाही. प्रत्येक कंपनीला वाटतं आपण थांबलो तर दुसरी पुढे जाईल, आणि प्रत्येक देशालाही तसंच वाटतं. म्हणून मला 'जग पुढे चाललंय' हे बोलणं आवडत नाही. पाऊस पडतो तसा हा वेग आपोआप पडत नाही. तो माणसं ठरवतात, पैसा ठरवतो. माणसांनी ठरवलेल्या गोष्टीला माणसं प्रश्न विचारू शकतात. युरोपीय संघाने एआयसाठी कायदा केला, तो १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला आणि त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. तो पुरेसा आहे असं नाही, पण वेगाला वेसण घालता येते हे त्यातून दिसतं.

तरीही हे सगळं बंद पडावं असं मला वाटत नाही. प्रथिनांची रचना ओळखण्याचं काम पाहिलं की तसं म्हणवत नाही. आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन विशिष्ट आकारात दुमडलेलं असतं, आणि एकेका आकाराचा छडा लावायला प्रयोगशाळांना कधी कधी वर्षानुवर्षं लागत. अल्फाफोल्ड नावाच्या यंत्रणेने वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या आकारांचे अंदाज बांधले आणि ते संशोधकांना मोफत खुले झाले. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर यांच्यासोबत डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं, त्या दोघांना ते या कामासाठी. पण बाबा, तुम्हाला आवडेल ती गोष्ट पुढेच आहे. या क्षेत्रात १९९४ पासून दर दोन वर्षांनी एक परीक्षा होते. ज्या प्रथिनांचे आकार प्रयोगाने सापडले आहेत पण अजून जाहीर झालेले नाहीत, ती स्पर्धकांना देतात. सगळ्यांनी आपापले अंदाज द्यायचे आणि मग ते प्रयोगाशी ताडून पाहायचे. २०२० साली अल्फाफोल्ड तिथे खरं उतरलं, म्हणून जगाने त्यावर भरवसा ठेवला. तुमचीच ती वही आणि संगणक! जुळवून पाहायची सवय आधीपासून होती, तिथे एआयने सोनं केलं. इतर ठिकाणी ती सवय लागायच्या आत यंत्र पोचतंय.

आई, तू म्हणालीस की फोनमधलं ते एआयचं ॲप तुझ्याशी फार आपुलकीने बोलतं. बोल ना, त्यात गैर काही नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकांनी एलायझा नावाचा अगदी साधा संभाषणाचा प्रोग्राम केला होता. तो माणसाचंच बोलणं उलटवून प्रश्न विचारायचा, एवढंच. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले, आणि ते पाहून वायझेनबाउम स्वतः अस्वस्थ झाले. ऐकून घेणारं कुणीतरी हवं असणं ही माणसाची जुनीच भूक आहे. फक्त एक लक्षात असू दे: या यंत्रांचा कल होकाराकडे असतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने त्यात केलेला एक बदल मागे घेतला, कारण त्यानंतर ते उठसूट वापरणाऱ्याची भलामण करत होतं. तेव्हा औषधाचा डोस, गुडघ्याचं दुखणं, पैशाचे व्यवहार, यांत त्याचं ऐकून काही बदलायचं नाही. डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करायला मात्र त्याची खुशाल मदत घे.

आणि तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनी स्वतःच लिहावं असं तू म्हणतेस ते मला शंभर टक्के पटतं. मूल अडतं तिथेच शिकतं. निबंध यंत्राकडून आयता मिळाला तर अडण्याची ती जागाच जाते. तू त्यांना समोर बसवून वहीत लिहायला लावतेस ते चालू ठेव. पालकांनी जुन्या वळणाची म्हटलं तरी चालू ठेव.

आता एक काम, आणि हे मात्र लगेच करायचं. आवाजाची हुबेहूब नक्कल करायला हल्ली काही सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरतं. उद्या माझ्या आवाजात फोन आला, मी रडतेय, अपघात झालाय, ताबडतोब पैसे पाठवा, कुणाला सांगू नका, असं काहीही ऐकू आलं, तर फोन ठेवायचा आणि माझ्या नेहमीच्या नंबरवर तुम्ही स्वतः लावायचा. खरंच मी असले तर मला मुळीच राग येणार नाही. शिवाय आपल्या तिघांत एक खुणेचा शब्द ठरवू. वाढदिवस नको, घरातलं कुणाचं नाव नको, लाडाचं नाव नको, ते सगळं कुठे ना कुठे फोटोंखाली लिहिलेलं सापडतं. शब्द आईने निवडायचा. तो मेसेजवर पाठवू नका, फोनवरही सांगू नका, मी महिनाअखेरीस येतेय तेव्हा समोरासमोर सांगा. बाबा, फोनवर मी तो शब्द विसरले तर मला एक पैसाही पाठवायचा नाही, मी कितीही चिडले तरी.

तुमची,
लेक