वरच्या मजल्यावरच्या अंगणवाडीताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "थांब, चहा टाकते" म्हणत विषय बदलता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. सातपूरच्या आपल्या चाळीतल्या लोकांना ते घालायची गरजही नाही.

2023 च्या डिसेंबरात माझ्या मुलाला सहा महिने पूर्ण झाले आणि त्याच महिन्यात राज्यभर अंगणवाडी सेविकांचा संप सुरू झाला. दिवसा तुम्ही मानधनवाढीसाठी मोर्चात, संध्याकाळी माझ्या ओट्याशी. मी संकोचले, तर म्हणालात, "संप सरकारशी आहे, तुझ्या पोराशी नाही."

तेव्हा घरात एकच पगार, फ्रिज नाही. अंगावरच्या दुधाबरोबर आता वरचं काय द्यायचं, यावर प्रत्येकाचं वेगळं मत. कुणी दुकानातला डबा सुचवला, कुणी वरणाचं पाणी. त्या पाण्यावर तुम्ही जे तुटून पडलात! "डाळ तुम्ही खाणार आणि पाणी त्याला? पाण्यानं पोट भरतं, पोर भरत नाही." चमचा तिरका केला की ओघळून जाईल इतकं पातळ काही भरवायचं नाही, हे मोजमाप तुमचंच. वरण घोटून, भात मऊ कुस्करून, वर अर्धा चमचा तूप. तूप नसेल तर तेल, त्यात कमीपणा काही नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

मग नागलीचं, म्हणजे नाचणीचं, सत्व. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून पेठ-सुरगाण्याकडची नागली आणायला लावलीत. मी धुऊन रात्रभर भिजवली, सुती फडक्यात बांधली. नाशिकची थंडी, मोड काही येईनात. तुम्ही पुरचुंडी झाकणाच्या पातेल्यात घालून शेगडीच्या कडेला सरकवलीत आणि दोन रात्रींत पांढरे टोकदार मोड. पुढे वाळवणं, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजणं, मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करणं. एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मोड आले की धान्यातलं पिष्ट (स्टार्च) फुटायला लागतं, त्यामुळे पेज फार चिकट होत नाही, तेवढ्याच वाटीत जास्त पीठ शिजतं आणि पचतंही. बाळाचं पोट मूठभर, म्हणून प्रत्येक चमच्यात काहीतरी असलं पाहिजे. शंभर ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा सासूबाईंनीही मान डोलावली. दुसरा डबा दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ यांच्या भाजून केलेल्या भरडीचा. दोन्ही मिळून जो खर्च आला, त्यात दुकानातला एक लहान डबाही आला नसता.

साठवणीचा तुमचा कायदा मात्र कडक. कोरडं ते साठवायचं, ओलं ते नाही. पीठ पंधरा दिवसांपुरतंच करायचं, पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं, चमचा कोरडा. जरा जरी कुबट वास आला तर अख्खा डबा टाकायचा, तिथे काटकसर नाही. शिजवलेलं एका वेळेपुरतं, दोन तासांच्या आत संपवायचं. बाळाच्या उष्ट्या वाटीतलं उरलं तर? "तू खा. तुलाही कॅल्शियम लागतंच." (मी तेव्हा खूप नागली खाल्ली.)

पण पैशांपेक्षा मोठी मदत तुम्ही मधाच्या बाबतीत केलीत. सासूबाईंना बाळाच्या जिभेवर मधाचं बोट लावायचं होतं, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लावलेलं. मी नाही म्हटलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात, "काकू" म्हणून हाक मारलीत आणि शांतपणे सांगितलंत की मधात काही जिवाणूंची बीजं असू शकतात, उकळूनही ती मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि विष तयार करतात. मीठ-साखरही वर्षाच्या आत नको, हे त्याच बैठकीत उरकलंत. काकूंनी मधाची बाटली स्वतःच वरच्या फळीवर ठेवली. माझं ऐकलं नसतं, तुमचं ऐकलं. उकडलेल्या अंड्याचा प्रश्न तुम्ही आमच्यावरच सोडलात. सासरे शाकाहारी आहेत हे तुम्हाला माहीत होतं.

संप मिटल्यावर अंगणवाडीत वजन केलंत, कार्डावरच्या हिरव्या, म्हणजे वजन ठीक असल्याच्या, पट्ट्यात ठिपका मांडलात आणि लगेच पुढच्या बाईला हाक मारलीत. मी काहीतरी बोलणार होते ते राहून गेलं.

आता तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूंची मुलगी पाच महिन्यांची झाली आहे. तिच्या आईला मी भाजणं-दळणं दाखवेन, पण वजनकाट्याकडे आणि तिच्या सासूकडे तुम्हीच बघा. येत्या बुधवारी मी गंगेवर जाणार आहे. तुमच्यासाठी नागली दोन किलो आणू की तीन, तेवढं कळवा. पैसे घेणार नाही, वाद घालू नका.

तुमची,
खालच्या खोलीतली