बाबा, जिन्याचं खरं सांगा

आई-बाबा,

काल फोन ठेवल्यापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायला बसले. बाबा फोनवर "मला धाप लागतेय, आईशी बोल" म्हणाले की माझं बोलणं घशातच राहतं, कारण ती धाप खरी असते हे मला ऐकू येतं, मग पुढे काय बोलणार.

बाबा, कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन नको म्हणताना तुम्ही म्हणालात आधीच फुप्फुसाची चाळण झालीय, त्यातलं अजून कापल्यावर उरणार काय. प्रश्न अगदी बरोबर आहे, सर्जनलाही सगळ्यात आधी हाच पडतो. पण ते त्याचं उत्तर मोजून काढतात आणि तुम्ही ते रात्री अंथरुणात पडल्या पडल्या काढून मोकळे झालात.

मोजतात कसं ते डॉक्टरांनी मला कागदावर करून दाखवलं, तुम्ही तेव्हा एक्स-रेला गेला होतात. उजव्या फुप्फुसाचे ३ लोब, म्हणजे मोठे कप्पे, डाव्याचे २, आणि त्या लोबचे परत छोटे भाग धरले की सगळे मिळून १९ होतात. तुमची गाठ उजव्या वरच्या लोबमध्ये आहे, त्याचे भाग ३. म्हणजे अख्खा लोब गेला तरी १९ तले १६ राहतात. तुमची फुंकायची टेस्ट निरोगी माणसाच्या ५२ टक्के आली होती, तिला १६ ने गुणून १९ ने भागलं की ४४ च्या आसपास येतात. दुसरी ती श्वास रोखून धरायची, डीएलसीओ, फुप्फुसातून वायू रक्तात किती उतरतो ते सांगणारी, ती ४८ आहे, ती ४० वर येईल. दोन्ही आकडे ६० च्या वर असते तर जास्त चौकशी न करता ऑपरेशन ठरलं असतं, एखादा जरी ३० च्या खाली गेला असता तर फार जपून पावलं टाकावी लागली असती. आपण मधे आहोत आणि मधे असलेल्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही, त्याला चालवून, जिने चढवून बघतात.

आणि अजून एक, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. सीटीमध्ये तुमचा एम्फिसिमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या विरून जाणं, वरच्या भागात जास्त आहे. हवा अडकून फुगलेला तो भाग तसंही फारसं काम करत नाही आणि शिवाय खालच्या चांगल्या भागाला नीट पसरू देत नाही. त्यामुळे असा लोब काढल्यावर सीओपीडीच्या (धाप लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, एम्फिसिमा त्यातलाच) काही पेशंटचा श्वास गणितात येतो तेवढा कमी होत नाही. कॅन्सर नसलेल्या काही निवडक पेशंटचा सुद्धा तो फुगलेला भाग काढतात, धाप कमी व्हावी म्हणून! तुमचं तसंच होईल असं वचन मी देत नाही, पर्फ्युजन स्कॅनमध्ये कुठल्या भागाला किती रक्त जातंय ते दिसेल तेव्हा बोलू.

आता जे बोलायला जीभ रेटत नव्हती ते. डॉक्टरांनी विचारलं किती जिने चढता, तुम्ही म्हणालात दोन मजले आरामात, आणि आई तू मान डोलावलीस. बाबा तुम्ही पहिल्या वळणावर कठडा धरून थांबता, मी दिवाळीत पाहिलंय. राग नाहीये माझा, धाप लागते हे चारचौघांत कबूल करणं तुम्हाला किती जड जातं ते कळतं मला. पण सगळा निर्णय त्याच उत्तरावर उभा आहे. जिन्याच्या टेस्टमध्ये एकूण २२ मीटर उंची चढता आली तर धोका कमी धरतात, नाही जमलं तर तोंडाला मास्क लावून सायकल चालवायला लावतात आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतंय ते मोजतात. तिथे खोटं चालणारच नाही, पण तिथपर्यंत जायची गरज आहे का हे ठरवायला तरी खरं सांगायला हवं ना. आणि गच्चीवरची ती एक सिगारेट, तीही सांगायची आणि आजपासून बंद. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे तरी सुटलेली असली तर बरं.

धोके आहेत, मी लपवणार नाही. एम्फिसिमावाल्यांचं फुप्फुस जुन्या कापडासारखं विरलेलं असतं, शिवलेल्या जागेतून हवा गळत राहते, छातीतली नळी पाच दिवसांहून जास्त ठेवावी लागू शकते, कधी नळी घेऊनच घरी यावं लागतं. न्यूमोनिया होऊ शकतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणूनच आधीची तयारी, म्हणजे इनहेलर न चुकता (ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सुद्धा), रोजचं चालणं, श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं ते खेळणं, जे आत्ता टीव्हीच्या मागे पडलंय. दुर्बिणीतून केलं तर बरगड्या फाकवायला लागत नाहीत, दुखतं कमी, आणि दुखलं नाही तर तुम्ही नीट खोकाल, कफ बाहेर येईल. सीओपीडीवाल्यासाठी यापेक्षा महत्त्वाचं काही नाही असं मला तरी वाटतं.

कदाचित अख्खा लोब काढावाच लागणार नाही. गाठ १.८ सेंटीमीटर आहे आणि कडेला आहे. पूर्वी १९९५ च्या एका अभ्यासामुळे लोबच काढायचा असं पक्कं होतं, पण २०२२ मध्ये जपानचा आणि २०२३ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, त्यात २ सेंटीमीटरपर्यंतच्या कडेच्या गाठींना लोबचा छोटा भाग काढूनही पेशंट तेवढेच जगले. जपानवाल्यात गाठ तिथेच परत येण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, हेही सांगते. आणि ते सगळे लोब काढणं झेपेल असेच पेशंट होते, त्यामुळे तुम्हाला किती लागू पडतं ते सर्जनलाच विचारायचं, मी प्रश्न लिहून ठेवलाय. एकच भाग गेला तर ५२ चे ४९ होतात बाबा, फक्त.

आणि एवढं सगळं तपासून सर्जनच नको म्हणाले तर नेमक्या जागी मारायचं रेडिएशन आहे, मोजक्या तीन ते पाच वेळांत होतं, कापाकापी नाही. नको म्हणायचा हक्क तुमचाच, पण टेस्ट झाल्यावर म्हणा, मग मी एक शब्द बोलणार नाही.

आई, तू रात्री उठून त्यांचा श्वास ऐकत बसतेस ते मला माहीत आहे. आता थोडे दिवस ते माझ्यावर सोड.

शुक्रवारी रात्री पोचतेय. शनिवारी सकाळी जिना चढू, मी मागे असेन, घाई नाही. बाबा जिथे थांबतील ती पायरी मी वहीत लिहिणार आणि सोमवारी डॉक्टरांना तोच आकडा सांगायचा. आई, ऑक्सिमीटरचे सेल तेवढे बदलून ठेव.

तुमची,
छोटी