आप्पाकाका, फिस्टुलाचं मनावर घ्या

सिएटल

तीर्थस्वरूप आप्पाकाका यांस,
सा. नमस्कार.

डॉक्टरांनी पुढच्या डायलिसिससाठी हाताला फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शिरेची जोडणी, करून घ्या म्हटलंय आणि तुम्ही ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणताय, हे काकूंकडून कळलं. फोनवर तुम्ही लगेच इथल्या थंडीची चौकशी सुरू करता, म्हणून पत्र लिहितेय.

आमच्या या सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर नावाचे किडनीचे डॉक्टर होऊन गेले. वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक. हाउसबोटीवर राहायचे आणि होडी वल्हवत कामाला जायचे. डायलिसिसचं मशीन त्यांचं नव्हे. ते डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी महायुद्धाच्या धामधुमीत केलेलं. पण खरी अडचण होती हाताची. दर डायलिसिसला नवी धमनी, नवी शीर कापायची. काही वेळा झालं की जागाच उरायची नाही. त्यामुळे किडनी थोड्या दिवसांसाठी बंद पडली असेल तरच उपयोग. कायमची गेली की पेशंटला घरी न्या म्हणायचे. असा एक पेशंट घरी पाठवल्यावर स्क्रिबनरना चैन पडेना. एका रात्री जाग आली आणि सुचलं: नळ्या हातातच राहू द्याव्या, एरवी दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकावी. रक्त वाहतं राहील.

पुढचं तुम्हाला आवडेल, जन्मभर कारखान्यात फिटर होतात म्हणून सांगते. नळ्या घडवल्या वर्कशॉपमधल्या वेन क्विंटननी, टेफ्लॉनच्या. काकूंच्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. आणि मार्च १९६० मधला पहिला पेशंट क्लाइड शील्ड्स, तोही बोइंगमधला मशीनिस्ट! तो १९७१ पर्यंत जगला.

मग रांग लागली. मशीन मोजकी, म्हणून कुणाला घ्यायचं हे गावातल्या सात जणांची समिती ठरवायची. नोकरी काय, पोरंबाळं किती, असलं बघून. मला तर वाचूनच कसंतरी झालं. पुढे १९७२ च्या कायद्यानं इथं डायलिसिसचा खर्च सरकारकडे आला. आपल्याकडे फुले योजनेत डायलिसिस बसतं, तुमची कागदपत्रं दादा बघतोय, तेव्हा पैशाचं कारण सांगू नका.

स्क्रिबनरची नळी बाहेर असायची, त्यात जंतुसंसर्ग व्हायचा, गुठळी अडकायची. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो यांनी कातडीखाली तुमचीच धमनी तुमच्याच शिरेला जोडायची पद्धत मांडली. तोच हा फिस्टुला. पण शीर फुगून तयार व्हायला काही आठवडे, कधी महिनेही जातात. तोवर डायलिसिसची वेळ आली तर मानेत नळी घालतात आणि तिच्यात जंतुसंसर्गाची भीती जास्त. दिवाळीपर्यंत थांबणं म्हणूनच नको.

कोणता हात ते डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. नर्सबाई रागावल्या तरी चालेल.

तारीख ठरली की दादाला कळवायला सांगा. काकूंना नमस्कार.

तुमची,
मीनू