निवडून ठेवलेली भाजी

ठाणे,
श्रावणातला रविवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आई, तू सहज बोलून गेलीस, "यंदा शेवळं आणलीच नाहीत गं. आणून निवडणार कोण?" आणि लगेच पावसाकडे वळलीस, मग माझ्या धाकट्याच्या शाळेकडे. मी मात्र आठवडाभर त्या वाक्यापाशीच आहे. आज मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर तुम्ही दोघं "आमचं छान चाललंय" म्हणता आणि विषय तिथेच संपतो.

आपल्या घरी रानातल्या शेवळांच्या भाजीशिवाय जून गेला, असं मला आठवतच नाही. आजी असताना नाही, आणि बाबांची पेणहून मुंबईला रोजची ये-जा होती तेव्हाही नाही.

यंदा मी इथे केली. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण पहिल्यांदा बिघडली. मृगाच्या पहिल्या पावसानंतरचा शनिवार होता. स्टेशनच्या बाहेर कसाऱ्याकडून पहाटेच्या लोकलने आलेल्या बायका बसल्या होत्या. एकीपुढे शेवळांच्या जुड्या आणि शेजारी काकडाच्या आंबट हिरव्या फळांचे छोटे छोटे वाटे. मी जुड्या घेतल्या, काकडं घेतली नाहीत. घरी चिंच आहे, म्हटलं. ती म्हणाली, "काकडं घे बाय, घसा धरंल." माझी लोकल लागली होती. मी निघाले.

घरी येऊन घाईघाईत चिरली. आतला पिवळा दाणेदार भाग काढायचा हे माहीत होतं, पण किती काढायचा, कुठपर्यंत, ते हाताला माहीत नव्हतं. सुक्या कोळंबीचे सोडे घातले, वाटण घातलं, वास अगदी आपल्या घरचा सुटला. धाकट्याने पहिला घास घेतला आणि दुसऱ्या मिनिटाला गळा धरून रडायला लागला. मी चाखून पाहिली, तर माझ्याही घशात सुया टोचल्यासारखं. कोकमाचं आगळ दिलं, गूळ दिला, अर्ध्या तासाने तो शांत झाला. आख्खं पातेलं ओतून टाकलं.

मागाहून वाचलं तेव्हा कळलं की त्या खरोखरच सुया असतात. शेवळात, अळूत, सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशाला बोचतात म्हणून भाजी खाजरी. सुया दिसत नाहीत, पण आपल्या माणसांनी त्यावरचा उपाय फार आधी शोधला होता: खाजरा भाग काढून टाकायचा, आंबट घालायचं आणि भरपूर शिजवायचं. ज्या रानात पहिल्या पावसाला शेवळं वर येतात त्याच रानात काकडाच्या झाडाला फळं धरलेली असतात. ती बाई दोन्ही एकाच टोपलीत घेऊन आली होती आणि मी अर्धीच टोपली घरी आणली.

पुढच्या शनिवारी तिच्याकडेच गेले. काकडं मागितली तशी तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दोन जास्त टाकली. त्या दिवशी मी खाली बसले, वर्तमानपत्र पसरलं, आणि एकेक शेवळ हातात घेतलं. वरचं पान सोडवायचं, आतला कोंब उघडा करायचा, पिवळे दाणे सुरीच्या टोकाने खरवडून काढायचे. दोन जुड्यांना दीड तास लागला. त्या दीड तासात, बाबा, मला सारखे तुम्ही दिसत होतात.

रविवारी सकाळी पडवीत, पाठीला उशी, पुढे शनिवारचा पेपर पसरलेला, हातात ती लाकडी मुठीची छोटी सुरी, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. तुम्ही शेवळं निवडायचात, टाकळा खुडायचात, फोडशीची एकेक काडी उघडून मधला कडक दांडा ओढून काढायचात. पेपरवर तीन ढीग असायचे. एक आईचा, एक आजीला दाखवून ठरवायचा, एक केळीच्या बुंध्याशी टाकायचा. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आमच्या आईच्या हाताला चव आहे. ती आहेच. पण आईच्या पातेल्यात जे पडायचं त्यातला प्रत्येक देठ आधी तुमच्या हातून गेलेला असायचा, हे मला बेचाळिसाव्या वर्षी, स्वतःची बोटं काळी झाल्यावर कळलं. हे तुम्हाला कधी म्हणाले नाही. आज म्हणते.

त्या दिवसापासून मी एक वही केली आहे. आपल्याकडे 'टाकणं' हा शब्द दोन्हीकडे चालतो. मीठ टाकायचं आणि साल टाकायचं. म्हणून वहीत मी तो शब्दच वापरत नाही. डाव्या पानावर 'काय काढायचं', उजव्या पानावर 'काय घालायचं'. बहुतेक भाज्यांची डावी पानं भरली आणि उजव्या पानावर चार ओळीच झाल्या. टाकळ्याचंच बघा. कांदा, लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ, ओलं खोबरं, संपलं. डावीकडे मात्र: फुलावर येण्याआधीचाच घ्यायचा, कोवळे शेंडेच खुडायचे, देठ नको, संध्याकाळी पानं मिटतात म्हणून सकाळीच निवडायचा. हे सगळं मी कुठून लिहिलं? तुम्ही बोलताना कानावर पडलेलं. आई, तू उन्हाळ्यात दिलेल्या फणसाच्या आठळ्या राखेत ठेवल्या होत्या, त्या त्यात घातल्या. धाकट्याने आठळ्या आधी वेचून खाल्ल्या, मी खायची तशाच.

फोडशी त्याने माझ्याबरोबर निवडली. नऊ वर्षांचा आहे, पण एका जागी बसला. पांढऱ्या बुंध्यात पानांच्या बेचक्यात लाल माती अडकलेली असते ना, ती तो नखाने काढत होता. मग एका काडीतून मधला दांडा सरळ सुटून हातात आला, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. दहा जुड्यांचं एवढंसं झालं शिजून. पाणी अजिबात घातलं नाही, आईने सांगितलं होतं तसंच. फक्त एक लक्षात ठेवलंय: फोडशी दिसायला साध्या गवतासारखी असते, त्यामुळे ओळखीच्या बाईकडूनच घेते, कुठूनही उपटून आणत नाही. भारंगी एकदाच केली, पाणी काढून टाकूनही कडूच लागली. ती तुम्ही समोर असताना करेन.

कंटोळी सुदैवाने सोपी. काटे खरवडले, चकत्या केल्या, तव्यावर कुरकुरीत. धाकट्याला खिडकीतल्या कुंडीत वेल लावायचा होता. तेव्हा, बाबा, तुमचं सांगणं आठवलं की कंटोळीचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा, एकट्या वेलाला फळ धरत नाही. आजोबांनी परसात दोन लावले होते म्हणून आपल्याकडे धरायची. धाकटा आता जमिनीत खाली कंद राहतो का, दर पावसात पुन्हा उगवतो का, असं विचारत बसतो. उगवतो, असं सांगितलंय. बाकीचं तुम्ही सांगा त्याला.

अळूवर मात्र मी तीन रविवार घालवले. वडीला काळ्या देठाचं, पातळ भाजीला, म्हणजे फतफत्याला, हिरव्या देठाचं, एवढं माहीत होतं. हाताला तेल लावून पानं पालथी टाकली, शिरांवरून लाटणं फिरवलं, चिंच-गुळाचं डाळीचं पीठ लावलं. पहिल्या रविवारी गुंडाळलेले उंडे सुटले. दुसऱ्यांदा पीठ घट्ट भिजवलं, तर वडी कोरडी झाली. आई, तू म्हणतेस "लिंबाएवढी चिंच". तुझं लिंबू परसातलं, माझं बाजारातलं. शेवटी मी तू सांगशील तशी चिंच हातात घेत गेले आणि वजन करत गेले. अळूच्या बारा मोठ्या पानांना पंचवीस ग्रॅम, असं माझ्या हाताला बसलंय. तिसऱ्या रविवारच्या वड्या उकडून कापल्या तेव्हा आत ती गोल गोल वळणं नीट दिसली, हिरवी-पिवळी. मी त्यांचा फोटो तुम्हाला पाठवला होता आणि तू "छान" एवढंच लिहिलंस. मला तो एक शब्द दिवसभर पुरला.

फतफत्याचं अजून जमलेलं नाही. डाळ, दाणे, खोबऱ्याचे काप, मुळा, आंबट चुका, गूळ, सगळं असतं. पण तू रवीने घोटतेस तेव्हा किती घोटतेस ते मला कळत नाही. मी घोटते तेव्हा देठ दिसतच नाहीत. तुझ्या भाजीत ते असतात, मऊ पण जागच्या जागी. हे वहीत कसं लिहायचं सांग. बहुतेक लिहिता येणार नाही, बघावंच लागेल.

बाबा, तुम्ही २०२० साली पेपरमधलं एक कात्रण कापून माझ्या पाकिटात घातलं होतंत, राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली त्याचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या त्या बाईंनी गावरान बियाणं जपलं, ते तुम्हाला फार भावलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, आपल्या आजीच्या वालाचं बी पण असंच राखेत होतं. ते बी अजून आहे का? कडव्या वालाचं, काळ्या डब्यातलं? असेल तर चार दाणे मला द्या. डाळिंब्यांचं बिरडं मी दुकानच्या वालाचं करते. ते चांगलं होतं, पण आजीचा कडवटपणा त्यात नाही.

आता मुख्य गोष्ट. आईचे गुडघे आता विळीवर बसू देत नाहीत, आणि बाबांना डोळ्याच्या ऑपरेशननंतर बारीक निवडायला त्रास होतो, हे मला ठाऊक आहे. तुम्ही दोघं सांगत नाही, पण संध्याकाळी खिचडी आणि कढीच होते, हे आत्या बोलली. खिचडी वाईट नाही. पण ज्यांच्या घरात पावसाळ्याचा दर आठवडा वेगळ्या भाजीचा असायचा, त्यांच्याकडे केवळ निवडायला कोणी नाही म्हणून ताट सारखंच राहावं, हे मला सहन होत नाही. आई, तू म्हणालीस "निवडणार कोण". मी निवडणार.

दर दुसऱ्या शनिवारी सकाळी मी पनवेलवरून एसटीने निघेन. भाजी इथेच शुक्रवारी रात्री किंवा गाडीत निवडून, ओल्या पंच्यात गुंडाळून आणेन. आई, तू फक्त खुर्चीवर बसून सांगायचं. ओट्यापाशी मी उभी राहीन. बाबा, तुमच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढंच तुम्ही करा, बाकी धाकटा करेल. त्याचे डोळे चांगले आहेत आणि त्याला तुमचे तीन ढीग शिकायचे आहेत.

गणपतीला मी हरतालिकेला सकाळीच पोचते. गणपती आणायला बाबा आणि धाकटा जातील. दुसऱ्या दिवशी मोदक आई, तू सांगशील तसे. आणि पंचमीची ऋषीची भाजी यंदा पूर्ण मी करणार. आजी सांगायची ना, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, परसात माणसाच्या हाताने लावलेलं तेवढंच. अळू, लाल माठाचे देठ, सुरण, पडवळ, भोपळा, भेंडी, मक्याची कणसं तुकडे करून. तेल नाही, फोडणी नाही, मसाला नाही. हिरवी मिरची, मीठ, शेवटी खोबरं. आणि खाज मारायला आंबाडे. हे मी आता विसरणार नाही. आंबाडे इथे बाजारात दिसायला लागलेत, मी घेऊन येते.

परसातल्या अळूला हात लावू नका, मी आल्यावर कापेन. भोपळ्याच्या वेलावर फळ धरलंय का, तेवढं कळवा. सुरण बाजारातला नको, विहिरीपाशी लावलेलाच खणू. आणि बाबा, ती तांब्याच्या तारेची सुरी कुठे ठेवलीय ते शोधून, धार लावून ठेवा. इथल्या सुरीने शेवळाचे दाणे निघतात, पण माठाचे देठ सोलले जात नाहीत.

आईच्या गुडघ्याचं तेल संपत आलं असेल, ते आणतेच आहे.

तुमची,
लेक

ता. क. — उरलेली काकडं मिठात घालून बरणीत ठेवली आहेत. पुढच्या जूनपर्यंत टिकतील का, आई? नसतील टिकत, तर सांग.