पाच सामन्यांत न्याय होत नाही

महोदय,

अमेरिकी बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत १६२ सामने खेळतो. एवढा घाम गाळून शंभरावर सामने जिंकलेला संघ नंतरच्या बाद फेरीत पाच सामन्यांच्या मालिकेत गारद व्हावा, हे मला अजिबात पटत नाही. २०२२ मध्ये १११ विजय मिळवणारा लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघ सान दिएगोकडून हरला. २०२३ मध्ये तर ओरिओल्स (१०१ विजय), डॉजर्स (१००) आणि ब्रेव्हज (१०४) लागोपाठच्या तीन दिवसांत बाहेर फेकले गेले आणि ८४ विजयांचा अ‍ॅरिझोना थेट वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत पोचला. अ‍ॅरिझोनाच्या खेळाडूंचं कौतुकच आहे. पण पाच सामन्यांची ही फेरी सात सामन्यांचीच हवी.

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला अन्याय वेगळा होता. २०२३ मध्ये तेराच्या तेरा सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला निवड समितीने विजेतेपदाच्या बाद फेरीतल्या चार संघांत घेतलंच नाही, कारण त्यांचा क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार खेळाडू) जखमी होता! मैदानावर कमावलेलं बैठकीच्या खोलीत हिरावलं गेलं. २०२४ पासून बारा संघ झाले, फार बरं झालं. आता पहिल्या फेरीप्रमाणे उपांत्यपूर्व सामनेही वरच्या मानांकनाच्या विद्यापीठाच्या मैदानावरच खेळवावेत. दूरच्या शहरांचा खर्च विद्यार्थ्यांना झेपत नाही.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, न्यू जर्सी